चाल बसली नव्हती, भाऊ

भाऊ,

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. त्यातले बावीस दिवस मी खोटं बोलले. काल ते थांबवलं, पण म्हणून धीर आलाय असं काही नाही. ओळी तिरप्या जात आहेत. हे अक्षर बघून तुम्ही म्हणाला असता, "निर्मले, हाई तुनं अक्षर शे का कागदवर कोंबडी चालनी?"

आपल्या नाट्यमंडळाने स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. 'भाऊंचा जीवनप्रवास लिहा मॅडम, सगळं तुम्हालाच माहीत.' जन्म कुठला, नाटकं किती, शाली कोणी कोणी पांघरल्या, ते आपला उत्तम लिहून देणार आहे. चाळीस वर्षं तुमच्या डाव्या हाताला बसून त्याने ढोलकी वाजवली, त्याला प्रत्येक प्रयोग गावासकट पाठ आहे. मी जे लिहिणार आहे ते मंडळाला आवडेलसं वाटत नाही. छापतील की नाही, कोण जाणे. पण प्रयोगाआधी ते तुम्हाला सांगायला हवं, आणि मग हॉलमध्ये खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला.

सांगायचं एवढंच आहे. 'पाटाकाठी' या तुमच्या नव्या नाटकातल्या शेवटच्या गाण्याची चाल माझ्याकडे नाही. तुम्ही दवाखान्यात मला ती दिलीत, मी "बसली" म्हणाले, आणि ती बसली नव्हती.

हे वाक्य लिहायला मला सकाळचे दोन चहा लागले.

धुळ्याच्या बसस्टँडमागच्या बोळात तुमचं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे मी पहिल्यांदा आले तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. वडिलांच्या पेटीचा एक सूर अडकला होता. तुम्ही पेटी उघडली, आतली पितळी पट्टी काढून कानशीने घासलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "सा धर." मी धरला. श्वास संपला. "परत." असं तुम्ही मला तासभर उभं केलंत. शेवटी मी चिडून विचारलं, "तुमच्याकडे सूर मिळवायला दुसरी पेटी नाही का?"

"शे ना. पन तुना सा हालत नही. तेच देखी राहिनू."

पुढच्या आठवड्यात मी मंडळाच्या तालमीला. घरी मी सांगितलं होतं की पेटी अजून दुरुस्त व्हायची आहे. तेव्हाही खोटंच, बघा. पण त्या खोट्याची मला कधी भीती वाटली नाही.

तुम्ही तरुणपणी चोपड्याच्या बँडमध्ये लाल कोट घालून क्लॅरिनेट वाजवायचात, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. तुम्ही सांगायचा नाहीत. लाज वाटायची म्हणून नव्हे. सांगितलं की लोक लगेच कोटाला हसायचे आणि क्लॅरिनेटचं राहून जायचं. मला तुम्ही एकदाच सांगितलंत, अमळनेरच्या एसटीत. एका लग्नात नवरदेवाच्या मामाने तेच एक सिनेमाचं गाणं अकरा वेळा वाजवायला लावलं. चौथ्या वेळी तुम्ही कंटाळून एक जागा बदललीत. पाचव्या वेळी दुसरी. अकराव्या वेळेपर्यंत ते गाणं पार वेगळं झालं होतं आणि वरातीत नाचणाऱ्या एकालाही पत्ता नव्हता. "तठेच मी चाल बांधाले शिकनू," तुम्ही म्हणालात आणि खिडकीबाहेर बघत बसलात. मला हसू आलं होतं. आता तीच गोष्ट आठवली की हसू येत नाही, कारण मागच्या आठवड्यात मीही तेच केलं आणि एकालाही पत्ता लागला नाही.

मग तुम्ही स्वतःची नाटकं लिहायला लागलात. शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं फाडून मी तुम्हाला आणून द्यायची, त्यावर. एका पानावर संवाद, मागच्या पानावर गाणं, आणि कधीकधी मध्येच कुठल्या तरी मुलाचा भूगोल. माणसं बोलता बोलता गायला कधी लागतात ते कळू नये, हा तुमचा हट्ट. 'नाटकात गाणं घातलंय' असं कोणी म्हणालं की तुम्हाला राग यायचा. पहिल्या नाटकाची संहिता तुम्ही मला तपासायला दिलीत आणि मी, नवी नवी मराठीची बाई, लाल पेन घेऊन बसले. केळी कापणाऱ्या बायकांची सगळी अहिराणी मी व्यवस्थित पुसून प्रमाण मराठी करून आणली. तुम्ही दोन पानं वाचलीत, उत्तमला हाक मारलीत आणि म्हणालात, "देख रे, बाईनी बोली धुईसन ठी दिनी. आते हाई बाई केळी कापी का शाळामा शिकाडी?" उत्तम ढोलकीवर डोकं ठेवून हसत होता. मी रडवेली झाले होते.

तो वाद आपला कधीच मिटला नाही. केळी कापणाऱ्या यावलच्या बाईने यावलच्या बाईसारखंच बोलावं हे मला नंतर पटलं. पण नाट्यस्पर्धेला आलेल्या बाहेरगावच्या परीक्षकांना निम्मं नाटक कळत नाही आणि मग आपण दरवर्षी उत्तेजनार्थ घेऊन परत येतो, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे. तुम्ही त्यावर फक्त चहा मागवायचात. भाऊ, ते उत्तर नव्हतं. आज सांगते, मला त्याचा राग यायचा.

दुसरा वाद मात्र मी हरले आणि त्याचीच शिक्षा भोगते आहे. तुमची शिकवायची रीत. गाणं तुम्ही तीनदा म्हणायचात. पहिल्यांदा आम्ही नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा तुमच्याबरोबर म्हणायचं, तिसऱ्यांदा तुम्ही गप्प आणि आम्ही एकटे. मग विचारायचात, "बठनी का?" बसली का चाल? हो म्हटलं की संपलं. त्यानंतर त्या माणसाला ते गाणं तुम्ही पुन्हा म्हणून दाखवायचा नाहीत, त्याने पाय धरले तरी. मी कितीदा म्हटलं, नोटेशन लिहून ठेवते. तुम्ही म्हणालात, कागदावरची चाल मेलेल्या माशासारखी पडून राहते. मग म्हटलं, फोनवर रेकॉर्ड करू. त्यावरचं तुमचं उत्तर तर सगळ्या मंडळात प्रसिद्ध आहे. "फोनवरथीन जो शिकस, तो मना खोकला भी शिकी लेस."

आम्ही हसलो आणि कोणीही काही रेकॉर्ड केलं नाही. आम्ही केवढे शहाणे, बघा.

यात गंमत म्हणजे तुम्ही स्वतः तुमच्या चाली विसरायचात. हे फक्त मला आणि उत्तमला माहीत होतं. नवी चाल आली की जुनीला जागा उरायची नाही तुमच्या डोक्यात. यावलच्या प्रयोगात तर भर रंगात तुमची बोटं पेटीवर थांबली. समोर केळीच्या गाड्या भरणाऱ्या बायका बसलेल्या, त्यांच्याच जगण्याचं नाटक, आणि तुम्ही विंगेतून माझ्याकडे बघितलंत. मी तेव्हा स्टेजवर होते. संवाद सोडून सरळ गाणं उचललं, दुसऱ्या ओळीला तुम्ही पेटीवर आलात. प्रयोग संपल्यावर बायकांनी तुम्हाला गराडा घातला, एकीने तर तुमच्या हातात फणीच्या फणी केळी ठेवली. तुम्ही ती मला दिलीत आणि हसत हसत म्हणालात, "मन्या बठ्ठ्या चाली तुनाजोडे ठेयेल शेतस. तू भुलनी का मना खेळ खलास."

तुमच्या सगळ्या चाली माझ्याकडे ठेवल्यात, हे तुम्ही चेष्टेत म्हणालात. माझ्या मागे मात्र ती भीती त्या दिवसापासून लागली. रोज सकाळी पोळ्या लाटताना मी तुमच्या चाली एकेक करून म्हणून बघायची. सगळ्या आहेत ना. एखादीची जागा आठवली नाही तर पोळी करपायची. घरचे म्हणायचे, दुसऱ्याच्या बायका देवाचं म्हणतात, आमच्याकडे भाऊंचं पारायण असतं. लोक मला 'भाऊंची वही' म्हणायला लागले आणि मी, खरं सांगते, मिरवले. भीती आणि मिरवणं दोन्ही एका वेळी होतं माणसाला.

आता दवाखाना.

जळगावला तुम्हाला ठेवलं त्याला आठ दिवस झाले होते. भेटायची वेळ दुपारी चार ते पाच. वहिनी खाली चहा आणायला गेल्या होत्या. 'पाटाकाठी'ची सगळी गाणी बसून झाली होती, एक शेवटचं सोडून. त्याचे शब्द तुम्ही दिवाळीतच लिहून दिले होते, चाल मात्र "येई, येई" म्हणत लांबवली होतीत. नाटकातल्या त्या दोघी मैत्रिणी जन्मभर एका टोळीत केळी कापतात. एक जाते. दुसरी संध्याकाळी पाटाच्या कडेने एकटीच घरी निघते. पाट तसाच वाहतो आहे, पावलाला मैत्रिणीचं पाऊल मात्र जुळत नाही, असं तिचं हे गाणं:

पाट वाही राहीना माय, पाट वाही राहीना
मना पायले तुना पाय मिळी नही राहीना
हाक मारसू मी तुले, वारा लई जाई
मनी हाक मालेच आते आयकू येई

तुम्ही मला बोटाने जवळ बोलावलंत आणि तोंडावरचा मास्क स्वतःच खाली ओढलात. मी म्हटलं, "भाऊ, नको." तुम्ही डोळे मोठे केलेत. तालमीत कोणी मध्ये बोललं की करायचात तसेच. आणि सुरू केलंत.

मी ऐकायला हवं होतं. तीस वर्षं मी तेवढंच काम केलं होतं. पण ऑक्सिजन फुसफुसत होता, ते यंत्र आपल्याच लयीत टुकटुक करत होतं, आणि पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीवर जाताना तुम्ही तीनदा श्वास घेतलात. तुमच्या गळ्याच्या खालचा खड्डा प्रत्येक वेळी आत जात होता. मी त्या खड्ड्याकडे बघत होते. माझ्या कानात चाल शिरतच नव्हती. एकच गोष्ट डोक्यात होती, की हा माणूस आता माझ्यासमोर जाईल आणि वहिनी खाली आहेत. पर्समध्ये फोन होता. काढावा असं एकदा वाटलं, पण तुम्ही बघाल याची भीती वाटली. मरणाच्या दारातल्या माणसाच्या रागाला घाबरले मी!

एकदा पूर्ण म्हटलंत. दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबलात. तिसरी वेळ आलीच नाही.

"बठनी का?"

"बसली," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलंत. मग हात उशीवर टाकलात. "मंग झायं." वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांना तुम्ही सांगितलंत, "शेवटली चाल निर्मलाले दी दिनी." वहिनींनी कप खाली ठेवून मला हात जोडले. मी मास्क पुन्हा तुमच्या तोंडावर नीट बसवला आणि धुळ्याची बस चुकेल म्हणून निघाले. बस चुकणार नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही गेलात म्हणून, उत्तमचा फोन आला.

दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा म्हटलंत असतं? जीव पणाला लावून म्हटलंत असतं, हे मला माहीत आहे, म्हणूनच मी 'नाही बसली' म्हणू शकले नाही. हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं. एकशे एकाव्या वेळी मला वाटतं, मी फक्त घाबरले आणि पळाले.

स्मशानात उत्तम उभा राहिला. रडत नव्हता, मोठ्याने बोलत होता. "भाऊ गयात, पन भाऊस्न्या चाली गयात नहीत. बठ्ठ्या ताईजोडे शेतस." लोक माझ्याकडे वळले. एका म्हाताऱ्या पेटीवाल्याने तर मला वाकून नमस्कार केला. मी मान खाली घातली, त्यांना वाटलं दुःखाने. सुतक फिटलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी मंडळाने ठरवलं की तुम्हाला जाऊन महिना होईल तेव्हा 'पाटाकाठी'चा पहिला प्रयोग धुळ्यात करायचा, तुमच्या स्मरणार्थ. टाळ्या वाजवायच्या बेतात आलेले हात सगळ्यांनी आवरले आणि मी पंगतीत पहिला घास हातात धरून बसले.

मला त्या दिवसांत कशाची भीती वाटत होती, तेही सांगते, कारण सगळीच भीती काही थोर नव्हती. तुमची चाल गेली याची वाटत होती. पण पकडले जाऊ याची जास्त वाटत होती. उत्तमला कळलं तर? वर्गातल्या मुलांना 'खरं बोला' शिकवणारी ही बाई. फोन वाजला की धसका. बाजारात कोणी "ताई, शेवटचं गाणं म्हणे फार भारी आहे" असं म्हटलं की हातातली भाजी तशीच ठेवून मी निघायची.

तुमच्या चालीचं माझ्याकडे काय उरलं होतं? सुरुवात खालून होती, एवढं नक्की. दुसऱ्या ओळीत 'तुना पाय'वर काहीतरी अचानक चढलं होतं, तिथे चढेल असं वाटलं नव्हतं. पण तो चढ होता की खोकला, हेही मला शपथेवर सांगता येणार नाही.

त्या दोन चिंध्या घेऊन मी बसले. तुमच्या जुन्या गाण्यांतून एक तुकडा इकडून, एक तिकडून घेतला. बँडमधल्या तुमच्यासारखी जागा बदलली. चार दिवसांत चाल झाली. वाईट नव्हती, तेच भयंकर होतं.

अठराव्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये तालीम. वहिनी चोपड्याच्या तुमच्या घरून आल्या, कोणाचं ऐकेनात, बसनेच आल्या. मुख्य काम करणारी रेखा समोर बसली. मी तिला गाणं तीनदा दिलं, तुमच्याच रीतीने. एकदा नुसतं, एकदा दोघींनी मिळून, मग ती एकटी. आणि मग मी विचारलं, "बसली का?" तुमचाच प्रश्न, माझ्या तोंडून. रेखा म्हणाली, "बसली, ताई."

मागच्या बाकावर वहिनी पदर तोंडाशी धरून रडत होत्या. "हाईच. हाई त्यास्नीच शे. न्हाता न्हाता हाईच म्हनेत." उत्तमने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. सगळा हॉल रडत होता. मी पेटीचा भाता बंद केला.

वाटलं होतं, आता तरी सुटले. उलटंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना मी तुमच्या त्या दोन चिंध्या शोधल्या. खालची सुरुवात. 'तुना पाय'चा चढ. नव्हत्या, भाऊ. डोकं दाबून धरलं, गॅस बंद केला, डोळे मिटले. माझीच चाल पुन्हा पुन्हा येत होती. जे थोडं तुमचं उरलं होतं त्याच्यावर मी माझं लिहून ठेवलं होतं. आणि आता रेखा ते गाईल, मग रेखाची मुलगी गाईल, पुढे कोणी कॉलेजात 'भाऊंच्या चालींचा अभ्यास' करेल. मी मेल्यावर तर खरं सांगायलाही कोणी उरणार नाही. मी स्वयंपाकघरात खाली बसले. अशी भीती मला तुमच्या खाटेजवळही वाटली नव्हती.

तरी पुढे तीन दिवस गप्प बसले. मी काही फार शूर नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

काल चोपड्याची बस पकडली. वहिनी ओट्यावर ताटात तुरीची डाळ निवडत होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला, आणि त्यामुळेच माझं निम्मं धैर्य गेलं. मी चप्पलही काढली नाही, उभ्यानेच सांगितलं. दवाखाना, श्वास, 'बसली' म्हटलं ते, चार दिवस बसून केलेली चाल. सगळं. वहिनींचा हात डाळीत फिरत होता, तो थांबला.

"मंग माले कसाले सांगं?"

मला वाटलं होतं, चिडतील. किंवा 'जाऊ दे वं बहीन' म्हणतील. मनात मी दोन्हीची तयारी केली होती. मला का सांगितलंस, हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता.

"चार दिनपाईन माले झोप लागी राहिनी व्हती," त्या म्हणाल्या. "वाटे, त्यास्नं कायतरी राहिनं."

तुमचं जाणं त्यांनी एकदा सोसलं होतं, मी ते दुसऱ्यांदा घेऊन दारात उभी होते, कशासाठी, तर मला हलकं वाटावं म्हणून. त्या उठून आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मी परत जायला वळले, तेवढ्यात आतून हाक आली. "बठ. कोठे चालनी?" चहा आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

"आते म्हन."

"काय म्हणू, वहिनी?"

"तुनी म्हन. त्यास्नी नही शे तं नही. तुनी शे ना, ती म्हन."

भाऊ, तीस वर्षं मी तुमच्या चाली गायले. आवडलं तर तुमचं, पडलं तर तेही तुमचंच, माझ्याकडे फक्त गळा. किती सोपं होतं ते, मला कधी कळलंच नाही. काल तुमच्या ओट्यावर, दुपारी, समोर रस्त्यावरून ट्रॅक्टर जात असताना मी माझी चाल माझी म्हणून म्हटली. तुम्हीच ज्याला न हलणारा म्हणाला होतात, तो सा पहिल्याच ओळीत हलला. वहिनी खाली बघून ऐकत होत्या. या खेपेला त्या रडल्या नाहीत.

गाणं संपलं. त्यांनी डाळीतला एक खडा काढून बाहेर फेकला.

"तिसरी ओळ पडी जास."

"म्हणजे?"

"'वारा लई जाई' म्हनस, तठे आवाज खाले कसाले नेस? हाक मारनारी बाई खाले देखीसन हाक मारस का?"

बरोबर होतं त्यांचं. तालमीत सगळे रडले आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, कारण तेव्हा आम्ही सगळे तुमची चाल ऐकत होतो. तुमच्या चालीतली चूक कोण काढणार?

निघताना फाटकापर्यंत आल्या. मला माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "प्रयोगले मी येसू. पन त्या गानावर त्यास्नं नाव टाकू नको."

संध्याकाळी उत्तमला फोन करून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या तालीम किती वाजता?" त्याच्या मनात काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. रेखाला आज सांगेन. मंडळाला हे पान वाचून कळेल.

तुमची चाल गेली, भाऊ. ती माझ्याकडून हरवली. तिच्या जागी आता जी आहे ती माझी आहे, आणि स्मरणिकेत त्या गाण्याखाली माझं नाव छापा असं मी इथेच लिहून देते. वाईट वाटली तर लोकांनी मला बोलावं.

आज सकाळपासून तिसऱ्या ओळीत आवाज वर नेऊन बघते आहे. दोनदा फाटला. शेजारणीने खिडकीतून डोकावून पाहिलं, तरी थांबले नाही. प्रयोगाला आठ दिवस आहेत आणि मला फार भीती वाटते आहे. पण ही चुकण्याची भीती आहे. पकडली जाण्याची होती, ती काल तुमच्या ओट्यावर संपली.